मोबाइलमधल्या चोरवाटा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरून एखाद्या विदुषी बाईंना बोलावतो. यंदा अध्यक्षबाईंनी मला उभे राहायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, माझी मजल सातवीपर्यंतची. मी काय भाषण करणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "शिकलेल्यांची भाषणे पुष्कळ ऐकली. तुमच्यावर गुदरले ते तुम्हीच सांगा." म्हणून उभी आहे. विषय मोबाइलमधून होणाऱ्या चोरीचा आहे, आणि त्यात माझी एक कबुलीही आहे. ती निम्म्या जणींना ठाऊक आहे. उरलेल्यांना आज कळू दे.

गेल्या वर्षी आषाढात आपली महड-पालीची सहल ठरली होती. बत्तीस जणींचे प्रत्येकी सातशे, असे बावीस हजार चारशे रुपये जमले. मंडळाच्या खात्याचे कागद अजून पुरे झाले नव्हते, म्हणून ते पैसे माझ्या खात्यात ठेवले होते. एका मंगळवारी दुपारी आपल्याच एका भगिनीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर निरोप आला : 'महिलांच्या सरकारी मदतीची नवी यादी. आपले नाव तपासून घ्या.' खाली एक फाइल होती. पाठवणारी घरची, मग शंका कसली घ्यायची? मी दाबले.

फोनने विचारले, हे अनोळखी ठिकाणाहून आले आहे, बसवू का? मी 'हो' म्हटले. मग विचारले, याला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का? 'हो.' तुमच्या ओळखीच्यांचे नंबर पाहू द्यायचे का? तेही 'हो.' दारावरच्या राखणदाराने तीनदा हटकले आणि तिन्ही वेळा मीच त्याला बाजूला सारले. पुढे एक फॉर्म आला. त्यात नाव, आधार नंबर, बँकेच्या कार्डावरचा आकडा आणि मागचे तीन अंक, सारे भरले. यादी काही उघडली नाही. नळाला पाणी आले होते, म्हणून मी फोन ठेवून उठले.

बुधवारी सकाळी वाण्याचे पैसे फोनवरून द्यायला गेले, तर खात्यात एकशे बारा रुपये! एकतीस हजार गेले होते. मंडळाचे बावीस हजार चारशे आणि माझ्या घरखर्चाचे आठ हजार सहाशे. व्हॉट्सॲपही बंद पडले होते. मी घरी येऊन नुसती बसून राहिले. आता बत्तीस जणींना तोंड कसे दाखवू, यांना काय सांगू, हेच डोक्यात.

दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही यादी पाठवलीत ना, ती उघडतच नाही." भगिनींनो, मी कसलीही यादी पाठवलेली नव्हती. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की माझ्या नावाने तीच फाइल आता घरोघर चालली आहे. तोंडावर शब्द आले होते, "वहिनी, ती पुसून टाका, बँकेला कळवा." पण मग माझे कसे गेले तेही सांगावे लागले असते. मी म्हटले, "नेट नसेल हो. मागाहून बघा."

त्या रात्री वहिनींच्या खात्यातून नऊ हजार गेले. मुलीच्या फीसाठी त्यांनी ते साठवले होते. सकाळी त्या रडत माझ्याकडेच आल्या, तेव्हा माझे तोंड उघडले. यजमान रागावतील अशी धास्ती होती. ते एवढेच म्हणाले, "आधी फोन लावू, मग बोलू." त्यांच्या फोनवरून १९३० या सरकारी क्रमांकावर दोघींची तक्रार नोंदवली, बँकांना कळवले. वहिनींचे पैसे जाऊन काही तासच झाले होते. त्यातले सहा हजार पुढच्या खात्यात अडवले गेले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. माझ्या पैशांना दोन रात्री उलटल्या होत्या. ते हाताला लागले नाहीत. मंडळाची रक्कम मी कानातली मोडून भरली. वहिनींचे बुडालेले तीन हजार द्यायला गेले, तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसे राहू द्या, ताई. पण त्या दुपारी तुम्ही मला सांगायला हवे होते."

ते वाक्य अजून मनातून जात नाही. म्हणून मी माझ्या थोरल्या मुलीला जवळ बसवून सारे समजून घेतले. जे समजले ते माझ्या भाषेत सांगते.

चोराच्या वाटा दोन. पहिली, आपणच फसून दार उघडतो. दुसरी, दार लावलेले असते, पण भिंतीलाच कुठे भगदाड राहून गेलेले असते.

पहिल्या वाटेचे बघा. माझ्या फोनवर जे आले ते यादीचे सोंग घेतलेले यंत्रातले पाप, ज्याला मालवेअर म्हणतात. मेसेज वाचायची मुभा मी त्याला दिली होती. बँक आपल्याला ओटीपी, म्हणजे घटकाभराचा गुप्त आकडा, मेसेजने पाठवते. तो माझ्या आधी चोराला दिसू लागला. कार्डाचे आकडे मी स्वतः लिहून दिले होते, म्हणजे कुलूपही त्याचे आणि किल्लीही त्याचीच. व्हॉट्सॲपचा सहा अंकी आकडाही त्याने तसाच वाचला, माझे व्हॉट्सॲप आपल्याकडे ओढून घेतले आणि माझ्या नावाने फाइल पुढे धाडली. आपल्या भगिनीच्या नावाने मला आली तीही अशीच. तिचा त्यात काडीचा दोष नाही.

ही युक्ती काही नवी नव्हे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा एक विषाणू बनवला. तो तबकडीवरून तबकडीवर जाई. त्यांच्या प्रोग्रामची कोणी चोरून नक्कल करू नये एवढाच त्यांचा उद्देश होता, आणि त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता, फोन नंबर असे सगळे घातले होते! तेव्हाचे चोरही पत्ता ठेवून जात म्हणायचे. पुढे ४ मे २००० रोजी मनिलाहून एक ईमेल सुटले. त्यावर लिहिलेले, 'मी तुझ्यावर प्रेम करतो', आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. ती उघडली की यंत्रातल्या फाइलींची नासाडी होई आणि त्या माणसाच्या ओळखीच्या सर्वांना तेच पत्र त्याच्या नावाने जाई. एक-दोन दिवसांत ते जगभर पसरले. मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या साहेबांनीही ते उघडले, कारण पाठवणारा ओळखीचा होता. फिलिपीन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता, त्यामुळे ते बनवणारा तरुण शिक्षेवाचून सुटला. आज प्रेमपत्राच्या जागी लग्नपत्रिका येते, विजेचे थकलेले बिल येते, वाहनाचे चलान येते, सरकारी यादी येते. सोंग बदलते, रीत तीच.

आता दुसरी वाट, भगदाडाची. फोन काय, संगणक काय, त्यातले प्रोग्राम माणसेच लिहितात. लाखो ओळी लिहायच्या म्हटल्यावर कुठेतरी चूक राहतेच. आपल्या घरावर हजारो कौले असतात. एखादे सरकलेले, एखादे तडकलेले. उन्हाळाभर ते कळत नाही. पाऊस मात्र नेमका तिथूनच आत येतो. म्हणून आपण मिरगाच्या आधी कौले परतून घेतो. फोनवर 'अपडेट करा' म्हणून जी सूचना येते, ती बव्हंशी अशी कौले परतण्याचीच असते. कंपनीला भगदाड सापडले, तिने ते बुजवायचे सामान पाठवले. आपण मात्र 'नंतर' दाबतो. मीही वर्षानुवर्षे तेच दाबत होते.

'नंतर' म्हटल्याने काय होते ते २०१७ साली जगाने पाहिले. विंडोज या संगणकाच्या प्रणालीत असे एक भगदाड होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी त्याची दुरुस्ती पाठवली. ज्यांनी ती बसवली ते बचावले. पुष्कळांनी बसवली नाही. बरोबर एकोणसाठ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचे संकट आले. कोणी काही दाबावेही लागत नव्हते. भगदाड असलेले एक यंत्र सापडले की तिथून ते आपोआप पुढच्या यंत्रात शिरे, सगळ्या फाइलींना कुलूप घाले आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागे. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांवर यंत्रे त्याने धरली. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ संस्थांपैकी ८१ संस्थांचे काम विस्कळित झाले आणि सुमारे एकोणीस हजार रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया पुढे गेल्या, असा अंदाज तिथल्या हिशेबतपासनिसांच्या अहवालात दिला आहे. यंत्रातले भगदाड माणसाच्या दुखण्यापर्यंत पोचते ते असे. मार्कस हचिन्स नावाच्या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला त्या प्रोग्रामात एक विचित्र पत्ता लिहिलेला दिसला. त्याने तो पत्ता दहा-अकरा डॉलर भरून आपल्या नावावर करून घेतला, आणि पसरणे थांबले. तो पत्ता अस्तित्वात आहे असे दिसले की ते पाप पुढे सरकत नसे.

या हकिकतीतली एक गोष्ट मला सर्वांत लागली. ते भगदाड अमेरिकेच्या एका गुप्त सरकारी खात्याला आधीच ठाऊक होते. शत्रूच्या यंत्रात शिरायला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ते झाकून ठेवले, आणि मग त्यांच्याकडूनच ते चोरीला गेले. मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनी तेव्हा जाहीरपणे तसे लिहून त्या खात्याला बोल लावला होता. ठाऊक असलेले भगदाड झाकून ठेवले आणि त्यातून पाणी दुसऱ्याच्या घरात शिरले! मुलीने हे सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती बुधवारची दुपार उभी राहिली. मी तरी दुसरे काय केले होते?

आणि हे सगळे साता समुद्रांपलीकडचे म्हणून सोडू नका. यजमान न्हावा-शेव्याजवळ कंटेनरच्या यार्डात कारकुनी करतात. २७ जून २०१७ ची आठवण ते अजून सांगतात. त्या दिवशी युक्रेन देशात 'नॉटपेट्या' नावाचे दुसरे संकट सुटले. तिथले व्यापारी करभरणीसाठी जो प्रोग्राम वापरत, तो पुरवणाऱ्या कंपनीच्याच घरात शिरून चोरांनी अपडेटमधून विष कालवले होते. आत गेल्यावर पसरायला त्याने वॉनाक्रायचीच जुनी वाट धरली, शिवाय यंत्रातले पासवर्ड चोरायची आणखी एक. डेन्मार्कची मर्स्क ही जहाजकंपनी त्यात सापडली, आणि न्हावा-शेव्याचे एक टर्मिनल त्याच समूहाकडे होते. संगणक ठप्प, काम हाताने, बाहेर कंटेनर साचलेले. युक्रेनमधल्या कराचा प्रोग्राम नासला आणि आपल्या उरणच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या!

मर्स्कला दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार मोठी यंत्रे नव्याने उभी करावी लागली, असे त्यांच्याच अध्यक्षांनी पुढे सांगितले. त्यांच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा ज्या यंत्रांत असे, ती जगभरची यंत्रे नासली होती. वाचले ते फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातले एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती, असे नंतर छापून आले. वीज गेल्याचे पुण्य कधी कधी असेही मिळते!

कोणी विचारील, अपडेटमधूनच विष आले तर मग अपडेट करावे तरी कशाला? मीही विचारले. मुलगी म्हणाली, "आई, एखाद्या औषधात भेसळ निघाली म्हणून आपण सगळी औषधे टाकतो का?" अपडेटमधून विष येणे क्वचित घडते. न बुजवलेल्या भगदाडातून चोर येणे रोजचे आहे. फक्त दुरुस्ती फोनच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधून घ्यावी. मेसेजमध्ये आलेल्या दुव्यावरून कधीही घेऊ नये.

आता आपण करायच्या गोष्टी. पहिली : व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती पत्रिका नव्हे, यादी नव्हे, बिल नव्हे. तो फोनमध्ये वस्तीला येणारा प्रोग्राम आहे. सख्ख्या बहिणीने पाठवला तरी उघडू नका. आधी तिला फोन करून विचारा, आणि तिचाच आवाज ऐका.

दुसरी : फोन परवानगी मागतो तेव्हा घटकाभर थांबा. पत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायचे आहेत? दारात आलेल्या भांडीवाल्याने तिजोरीची किल्ली मागितली तर आपण देऊ का?

तिसरी : फसगत झाल्याचे कळताच त्या फोनचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला आणि बँकेला कळवा. आणि लगेच, त्याच घटकेला, आपल्या मंडळात सांगा.

चौथी गोष्ट जरा घरातली आहे. आपल्यापैकी कितीजणींचा फोन नवा घेतलेला आहे? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना आईकडे येतो. त्याच्याही आधी तो बाबांकडे असतो. घरात सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले आपल्या पानात, तसा फोनही शेवटी आपल्या हातात. पण फोनला कंपनी काही ठराविक वर्षेच दुरुस्ती पाठवते, पुढे थांबते. म्हणजे ज्याची कौले कोणी परतत नाही असे घर आपल्या वाट्याला येते, आणि पैशांचे व्यवहार आपण त्यातच करतो. घरी गेल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख मुलांकडून पाहून घ्या. ती फार जुनी असेल आणि नवी दुरुस्ती येत नसेल, तर त्या फोनवर गाणी ऐका, नातवंडे पाहा, पण बँक ठेवू नका. आणि घरात सांगा की जिच्या हातून घराचा पैसा जातो, तिच्या हातात सुरक्षित फोन हवा. हा हट्ट नव्हे. घराच्याच हिताचे आहे.

शेवटी लाजेबद्दल. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी असाच मालवेअर घालून सुमारे ९४ कोटी रुपये नेले. दोनच तारखांत, बव्हंशी अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून. तिथे तर जाणते लोक राखणीला होते. मग आपण सातवी-दहावीच्या बायकांनी फसल्याची लाज किती धरायची? फसणे हे पाप नव्हे, चोरी करणे हे पाप. माझा जो दोष आहे तो फसण्याचा नाही. वहिनी दारात उभ्या असताना मी गप्प राहिले, तो आहे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना मांडते आणि थांबते. आपल्यापैकी कोणीही फसली, तर तिने रात्री-अपरात्री कोणाचेही दार ठोठवावे, आणि जिचे दार ठोठावले तिने 'तू कशी गं फसलीस' हे विचारू नये. आधी फोन लावावा. एवढे आपण ठरवले, तर माझे गेलेले पैसे मी मंडळाच्या कामी लागले असे समजेन.

त्या वहिनी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. हे भाषण छापायला देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवले आणि त्यांची परवानगी घेतली.